स्लॅब चुकला की मुकादमाला झापण्याआधी हे बघा

बाल्कनीचा स्लॅब होता. संध्याकाळचे साडेसहा, गेटवर काँक्रीटच्या तीन गाड्या लायनीत, पहिली गाडी प्लँटवरून निघून तास होऊन गेलेला, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि मी चेकिंगचा कागद घेऊन वर चढलो. सळ्या मोजल्या, अंतर मोजलं, टेप लावून फोटो काढले, सगळं ड्रॉइंगप्रमाणे. सही केली. एकच गोष्ट मोजली नाही, वरची जाळी खालच्या सेंट्रिंगच्या प्लेटपासून, म्हणजे ज्यावर काँक्रीट ओततात तिच्यापासून, किती उंच आहे ती.

बाल्कनी म्हणजे बाहेर लोंबणारा स्लॅब, त्यात मेन सळई वरच्या बाजूला लागते कारण ताण वर येतो. ती जाळी वर धरून ठेवायला खाली सळईच्या छोट्या चेअर लावतात. त्या दिवशी चेअर कमी पडल्या होत्या म्हणून लांब लांब लावलेल्या, आणि सकाळपासून प्लंबर, इलेक्ट्रिशियन, व्हायब्रेटर ओढणारी पोरं असे सगळे त्या जाळीवरून ये-जा करत होते. जाळी दबली. स्लॅब १२५ मिलीमीटर जाड, सळई खालून साधारण १०० वर पाहिजे होती, ती नंतर काँक्रीटच्या आतली सळई शोधणारा मीटर लावून बघितली तर ६० च्या आसपास. अशा स्लॅबची ताकद या उंचीच्या जवळजवळ प्रमाणातच असते, म्हणजे सरळ ४० टक्के गेली. एका सिनिअरने फोटोत जाळीला पडलेला झोल ओळखला म्हणून वाचलो, खालचे टेकू तसेच होते, तोडून परत भरला.

शिव्या कोणाला पडल्या? बार बेंडरला, म्हणजे सळ्या वाकवून बांधणाऱ्याला. मी पण दिल्या, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांनी शांत डोक्याने कागदावर लिहून काढलं तेव्हा दिसलं की चेअर किती लागतील हे सळ्यांच्या यादीत कुणी धरलंच नव्हतं, उरलेल्या तुकड्यांतून त्याने जमतील तेवढ्या वाकवल्या होत्या. जाळीवर चालायला फळ्या नव्हत्या. चेकिंगची वेळ गाड्या गेटवर आल्यावरची. आणि चेकिंगच्या कागदात उंचीची ओळच नव्हती. या चारपैकी एकही गोष्ट बार बेंडरच्या हातातली नाही, त्याला काढून दुसरा आणला असता तरी पुढच्या बाल्कनीत हेच झालं असतं.

तर ही गाइड त्यासाठी आहे. साइट सांभाळणारे, सेफ्टीवाले, बिल्डिंगचा मेंटेनन्स बघणारे, ज्यांच्या सहीवर काम पुढे सरकतं त्यांच्यासाठी.

पहिलं काम, चूक कुठल्या जातीची ते ओळखा

सगळ्या चुकांवर आपल्याकडे एकच औषध असतं, "ट्रेनिंग द्या". बऱ्याचदा ते लागूच पडत नाही. जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास जी विभागणी मांडली ती आजही विमानापासून हॉस्पिटलपर्यंत सगळीकडे वापरतात, मी ती साइटच्या भाषेत सांगतो.

एक म्हणजे हात चुकणं. माणसाला नीट माहितेय की १२ मिलीमीटरची सळई लावायची, पण शेजारी शेजारी ढीग, दोन्ही गंजून सारख्याच दिसणाऱ्या, १० ची उचलली गेली. दुसरं म्हणजे विसरणं, टेस्टिंगसाठी व्हॉल्व्ह बंद केला, मध्येच फोन आला, उघडायचा राहिला. या दोन्हींवर ट्रेनिंगचा शून्य उपयोग कारण त्याला ते येतच होतं, उलट सगळ्यात जुन्या अनुभवी माणसाकडूनच या चुका जास्त होतात, हात आपोआप चालत असतात ना. इथे औषध म्हणजे ढीग वेगळे करा, सळईच्या टोकांना रंग मारा, बंद व्हॉल्व्हवर लाल टॅग लटकवा आणि त्या टॅगचा अर्धा भाग कंट्रोल रूमच्या बोर्डवर ठेवा, म्हणजे बोर्ड रिकामा झाल्याशिवाय शिफ्ट संपत नाही.

तिसरं, समज चुकणं. ज्याने आयुष्यभर चार बाजूंनी टेकलेले साधे स्लॅब बांधले त्याला बाल्कनीत पण मेन सळई खालीच असणार असं मनापासून वाटतं, आणि तो ते अगदी सफाईने, मन लावून चुकीचं करतो. इथे मात्र शिकवायला पाहिजे, पण हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून नाही, तिथेच उभं राहून, हातात सळई घेऊन.

चौथं, माहीत असून नियम मोडणं. इथे लोक लगेच "बेशिस्त" म्हणतात. मी म्हणतो आधी विचारा की नियम पाळला तर त्या माणसाचं काय जातं. जिन्याचा फायर डोअर कायम पाचर लावून उघडा दिसतो ना? कारण दिवसातून चाळीस वेळा ट्रॉली घेऊन जाणाऱ्याला तो जड दरवाजा एका हाताने ढकलावा लागतो. तुम्ही शंभर नोटिसा चिकटवा, पाचर परत येणार. दरवाजा उघडा धरून ठेवणारा आणि अलार्म वाजला की आपोआप सोडणारा मॅग्नेट बसवा, पाचर गेली.

टेकू लवकर का निघतात

यावर जरा सविस्तर बोलतो कारण सगळ्यात महागात पडणारी गोष्ट हीच आहे आणि यात सगळे फॅक्टर एकाच जागी बघायला मिळतात.

साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्ये ७ दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, पूर्ण हिशोब २८ दिवसांचा. थंडी असेल तर अजून हळू. हे प्रत्येक मिस्त्रीला पाठ आहे, विचारून बघा. तरी सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू, वेळेआधी खोललं जातं, का? कारण सेंट्रिंगवाल्याकडे प्लेटा आणि टेकूंचा एकच सेट आहे, पैसे त्याला चौरस फुटावर, वरचा मजला बांधायचा तर खालचा खोलावाच लागतो. आणि आपण त्याला वर्क ऑर्डर देताना लिहिलंय की दर इतक्या दिवसाला एक स्लॅब. म्हणजे घाई आपणच कागदावर लिहून दिली आणि मग त्याने घाई केली म्हणून बोंबलतो.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंड इथे २७ एप्रिल १९७८ ला एका पॉवर प्लँटच्या कूलिंग टॉवरचं काम चालू होतं. परांची आणि फॉर्मवर्क (काँक्रीटचा साचा) टॉवरच्याच काँक्रीटला बोल्टने अडकवलेलं, एक रिंग भरायची, सगळं वर सरकवायचं, दुसरी रिंग भरायची, असा रोजचा रतीब. त्या दिवशी ज्या काँक्रीटवर भार आला ते आदल्या दिवशीचं होतं, थंड हवेत पुरतं धरलेलं नव्हतं. ते सोलवटत निघालं, परांची गोल फिरत खाली आली आणि वर असलेले सगळे ५१ जण गेले. चौकशीत स्पष्ट झालं की भार टाकण्याआधी काँक्रीटने पुरेशी ताकद धरलीय का हे तपासून घेतलं नव्हतं. रोज चाललं म्हणून आजही चालणार, एवढाच काय तो हिशोब. या सवयीपासून सगळ्यात जास्त सांभाळा, कारण कालपर्यंत काही झालं नाही हा पुरावा वाटतो आणि तो पुरावा नसतो.

मग करायचं काय. दुसरा सेट धरूनच रेट ठरवा, म्हणजे त्याला खालचं सोडून ठेवणं परवडेल. प्लेटा काढल्या तरी टेकू जागेवर राहतील अशी सिस्टिम वापरा, जिथे प्लेट सुटते पण मधली टेकूंची रांग हलवावी लागत नाही. वरच्या स्लॅबचा ओला भार खालचे किती मजले मिळून घेणार हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. आणि खोलायची परवानगी तारखेवर नाही तर स्लॅबशेजारीच, त्याच हवेत ठेवलेल्या क्यूबच्या (त्याच काँक्रीटचे ताकद तपासायला भरलेले ठोकळे) रिझल्टवर द्या. लॅबच्या टाकीत आरामात पाण्यात बसलेला क्यूब तुमच्या स्लॅबपेक्षा जास्त सुखात असतो, त्याचा रिझल्ट मालाचा दर्जा सांगतो, तुमच्या स्लॅबची आजची हालत नाही. हा फरक न समजून झालेल्या भानगडी मी बघितल्यात.

"छोटासाच बदल आहे"

हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. १७ जुलै १९८१, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतलं हयात रिजन्सी हॉटेल. लॉबीच्या वर हवेत लटकणारे चालायचे पूल होते, चौथ्या मजल्याचा आणि त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ डिझाइनमध्ये छतापासून एकच लांब रॉड दोन्ही पुलांतून खाली येणार होता. एवढ्या लांब रॉडवर आटे पाडणं आणि नट मध्यापर्यंत फिरवत नेणं कटकटीचं, म्हणून बनवणाऱ्यांकडून बदल आला की दोन रॉड करू, एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. ऐकायला काय वाईट आहे? पण असं बघा, दोन माणसं एकाच दोराला आपापल्या हाताने लटकली आहेत तर प्रत्येकाच्या मुठीवर स्वतःचंच वजन. आता खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले. दोर तोच, वजन तेच, पण वरच्याच्या मुठीवर दुप्पट. चौथ्या मजल्याच्या बीममधल्या नटवर तेच झालं. मूळ जोडसुद्धा कोडला लागणाऱ्या ताकदीच्या साधारण ६० टक्केच होता हे नंतर निघालं, त्यात हा बदल. दोन्ही पूल लॉबीत कोसळले, ११४ माणसं मेली.

यात कुणी मूर्ख नव्हतं. बनवणाऱ्याला वाटलं इंजिनिअर बघेल, इंजिनिअरच्या ऑफिसला वाटलं जोडाची गणितं बनवणारा करतो, ड्रॉइंगवर शिक्का पडला आणि त्या जोडाचं गणित कुणीच केलं नाही. दोन चेकिंग होती म्हणून प्रत्येकजण निवांत होता. म्हणून माझं स्पष्ट मत, दोन सह्या एका सहीपेक्षा चांगल्या असतातच असं नाही, दोघं काय काय बघणार हे वाटून लिहिलेलं नसेल तर दुसरी सही पहिलीला नुसती झोप आणते.

त्यामुळे बदलासाठी एक सक्तीचा कागद ठेवा, त्यात तीनच प्रश्न: भार आता कुठल्या वाटेने जाणार, कुठल्या जोडावर वाढला, आणि हे गणित कोणी केलं. फोनवर सांगितलेला बदल हा बदल नाहीच, जोपर्यंत लेखी येत नाही तोपर्यंत जुनंच ड्रॉइंग चालू. आणि जुन्या रिव्हिजनची प्रिंट साइटवरून खरंच गोळा करा हो, सेंट्रिंगवाल्याच्या खिशात घडी घालून ठेवलेली प्रिंट सगळ्यात जास्त वापरली जाते आणि ती हमखास एक रिव्हिजन मागची असते.

थकवा, घाई, उजेड

हे तिन्ही लोक "सबब" म्हणून उडवून लावतात. १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हात-डोळ्याचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं बिघडलेलं दिसलं. आता सकाळी सहाला उठून रात्री अकराला स्लॅबवर उभा असलेला सुपरवायझर आठवा. त्याला आपण दारू पिऊन साइटवर येऊ दिलं नसतं. मोठा स्लॅब रात्रीत जाणार असेल तर चेकिंग करणारा आणि भरताना उभा राहणारा वेगळा ठेवा, आणि चेकिंग आदल्या दिवशी उजेडात संपवा. गाडी मागवायचा फोन चेकिंगच्या सहीनंतरच जाईल एवढा एक नियम माझ्या त्या बाल्कनीनंतर आम्ही लावला, त्याने बाकी सगळ्या पोस्टरांपेक्षा जास्त फरक पडला. कारण गेटवर गाडी उभी असताना "नाही" म्हणायला जिगर लागते, आणि रोज जिगर लागेल अशी सिस्टिम चांगली नाही.

ओल्या काँक्रीटमध्ये वरून पाणी घालणं हा पण यातलाच प्रकार. काँक्रीट घट्ट आलं, पाइपमधून सरकत नाही, पोरांचे हात भरून आले, कुणीतरी गाडीत पाइप सोडतो. त्याला माहितेय पाण्याने ताकद जाते. पण त्याच्या हातात दुसरा इलाज काय दिलाय? प्लँटकडून मापात दिलेलं ॲडमिक्श्चर (पाणी न घालता काँक्रीट सैल करणारं रसायन) साइटवर ठेवा, ते कोणी किती टाकायचं ते ठरवा, आणि घट्ट माल परत पाठवला तर त्या टीमचा त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही हे आधी सांगा.

बिल्डिंग उभी राहिल्यावर

लोकांना वाटतं चुका बांधकामातच होतात. फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली बिल्डिंग, २३ फेब्रुवारी १९९१ ला २२ व्या मजल्यावर आग लागली. पाण्याचे पाइप होते, पण प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह चुकीचे सेट केलेले, त्यामुळे फायर ब्रिगेडच्या नळीत धड पाणीच येईना. तीन फायरमन मेले. आग शेवटी कुठे थांबली माहितेय? ३० व्या मजल्यावर, जिथे स्प्रिंकलर बसवलेले होते, त्यातले फक्त दहा उघडले आणि त्यांनी ती थोपवली.

त्या व्हॉल्व्हसारखी चूक वर्षानुवर्षं दिसत नाही, ती झोपून राहते आणि आगीच्या दिवशी जागी होते. म्हणून मेंटेनन्सवाल्यांनी "चालू आहे का" हे दिव्याकडे बघून ठरवू नये. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात लांबच्या नळावर पाणी सोडून गेज लावून बघा. पंपाचा स्विच सर्व्हिसिंगनंतर मॅन्युअलवरच राहणं तर इतकं कॉमन आहे की मी कुठल्याही नव्या बिल्डिंगमध्ये गेलो की पहिलं तेच बघतो. आणि स्विचला हात लावून तोंडाने मोठ्याने म्हणायचं, "पंप एक, ऑटोवर". जपानी रेल्वेत बोट दाखवून बोलायची अशी पद्धत पिढ्यान्पिढ्या चालू आहे. पहिले चार दिवस पोरं हसतील, हसू द्या.

शिफ्ट बदलताना पण तसंच, जाणाऱ्याने सांगायचं आणि येणाऱ्याने परत बोलून दाखवायचं. "सगळं ओके" हे हँडओव्हर नाही. काय अर्धवट आहे, काय बंद करून ठेवलंय, कशावर भरवसा ठेवू नये, एवढंच सांगितलं तरी पुरे.

चूक झाल्यावर विचारपूस कशी करायची

पहिल्या दिवशी "कोणी केलं" विचारूच नका, उत्तर मिळेल पण पुढच्या वेळी कुणी काही सांगणार नाही. माझा आवडता प्रश्न असा: याच्या जागी दुसरा चांगला माणूस, हीच वेळ, हेच सामान, हाच बॉस असता तर त्याने काय केलं असतं? तेच केलं असतं असं उत्तर आलं तर माणूस सोडा आणि जागा दुरुस्त करा. जागेवर जाऊन त्याच वेळेला उभं राहून बघा, संध्याकाळी साडेसहाची चूक सकाळी दहाच्या उन्हात कळत नाही. मेमो, दंड, परत ट्रेनिंग हे शेवटी. आधी बघा की ती चूक करताच येणार नाही असं काही करता येतं का, नाही तर निदान लगेच दिसेल असं. आणि हो, दारू पिऊन क्रेन चालवणारा किंवा क्यूबचे रिझल्ट खोटे लिहिणारा यात येत नाही, त्याला सोडायचं कारण नाही.

तडा दिसला तर

शेवटचा भाग, आणि इथे चेकलिस्ट कामाची नाही, इथे प्रश्न असतो की कोणाचं ऐकलं जातं. बांगलादेशात सावरला राणा प्लाझाच्या खांबांना २३ एप्रिल २०१३ ला तडे दिसले. एका इंजिनिअरने बघून बिल्डिंग धोक्याची आहे असं सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या लोकांना दुसऱ्या दिवशी येऊ दिलं नाही. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांनी कामगारांना बोलावलं, पगार कापायची भीती घातली. २४ तारखेला सकाळी बिल्डिंग बसली, ११०० हून जास्त माणसं गेली. तडा दोघांनाही सारखाच दिसला होता, फरक एवढाच की एकाला "येऊ नका" म्हणायचा खर्च परवडत होता. सोलच्या सॅम्पुंग डिपार्टमेंट स्टोअरमध्येही २९ जून १९९५ ला सकाळीच वरच्या मजल्यावर तडे दिसले, तो मजला बंद केला आणि खालची दुकानं संध्याकाळपर्यंत चालू ठेवली. संध्याकाळी बिल्डिंग कोसळली, ५०२ मृत्यू.

म्हणून आत्ताच, काही झालेलं नसताना, ठरवून ठेवा. बिल्डिंग रिकामी करायचा अधिकार अशा एकाला द्या ज्याचा बोनस, टार्गेट, भाडं यातलं काहीच त्या दिवसावर अवलंबून नाही. तो सुट्टीवर असेल तर कोण, तेही. रिकामी केली आणि काहीच झालं नाही तर त्याला कुणी जाब विचारणार नाही आणि कामगारांचा त्या दिवसाचा पगार चालू राहील हे लेखी. खांब किंवा बीमवर तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ, बाजूला तारीख आणि वेळ, मापपट्टी लावून फोटो, आणि लगेच स्ट्रक्चरल इंजिनिअरला फोन. रेघेच्या पुढे सरकला, काँक्रीटचे पापुद्रे पडायला लागले, दरवाजे अडकायला लागले किंवा आवाज आला तर इंजिनिअरची वाट न बघता माणसं बाहेर. वरून प्लास्टर करून तडा बुजवायचा नाही, कोणी सांगितलं तरी नाही.

आणि ज्याने तडा पहिल्यांदा दाखवला त्याला दोन दिवसांत परत जाऊन सांगा की पुढे काय केलं, अगदी "बघितलं, वरवरचा निघाला, प्लास्टरचाच होता" एवढं का होईना. आमच्याकडे एक सफाईवाल्या मावशी आहेत, त्यांनी तीनदा काहीतरी दाखवलं, तिन्ही वेळा फुसकं निघालं, तिन्ही वेळा मी जाऊन सांगितलं. चौथ्यांदा त्यांनी बेसमेंटच्या बीममधून टपकणारं गंजाचं पाणी दाखवलं, आत सळई अर्धी खाल्लेली होती.